पत्तावहीचे जतन

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४ वा अध्याय अनागत बाधांच्या प्रतिषेधाविषयी आहे. व्याधी उद्भवण्यापूर्वीच तिला अटकाव करावा, हे आपण रुग्णांस नित्य सांगतो. स्वतःच्या ई-मेल पत्तावहीस मात्र हा नियम लावीत नाही. आमच्या एका सभासद वैद्यांचे खाते परवलीचा शब्द विस्मरणात गेल्याने कायमचे बंद झाले. वनौषधी पुरविणारे, सहकारी वैद्य आणि परगावचे रुग्ण यांचे सारे पत्ते त्यासोबत गेले. चालू चिकित्सेतील रुग्णांस पथ्यापथ्य कळविण्याचा मार्गच खुंटला.

उपाय अल्प श्रमाचा आहे. जीमेल वापरणाऱ्यांनी संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून ‘एक्स्पोर्ट’ निवडावे. तेथे सीएसव्ही व व्हीकार्ड हे प्रकार मिळतात. सीएसव्ही एक्सेलमध्ये तक्त्याप्रमाणे वाचता येते; व्हीकार्ड भ्रमणध्वनीत थेट घेता येते. एक्सेलमध्ये देवनागरी नावे विस्कटलेली दिसल्यास ती फाइल तशीच जतन करू नये. ‘डेटा’ या विभागातून यूटीएफ-८ निवडून ती पुन्हा आयात करावी.

गूगल कॉन्टॅक्ट्समधील चुकीचा बदल ३० दिवसांपर्यंत मागे घेता येतो. परंतु खातेच गेल्यास ती सोय निरुपयोगी ठरते. म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर व दुसरी अन्य संगणकावर असावी. रुग्णांची नावे गोपनीय असल्याने पेनड्राइव्ह कुलपात ठेवावा. त्रैमासिकाचा प्रत्येक अंक हाती येताच नवी प्रत काढावी आणि ती उघडून पाहावी, ही आमची सर्व सभासदांस विनंती आहे.