कप्प्याचे अक्षर आणि कप्प्याचे नाव



विंडोज १० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेव्हापासून घरोघरी, दुकानांत आणि वाचनालयांत संगणकावर नवी कार्यप्रणाली बसविण्याचे काम निघाले आहे. हे काम निर्वेध पार पडले, तरी पुष्कळांना मागाहून एक चमत्कारिक अनुभव येतो. ज्या 'पी' कप्प्यात घरची छायाचित्रे ठेवली होती, तो 'पी' कोठेच दिसत नाही. हिशेबाचा 'एच' शोधावा, तर तोही नाही. वस्तुतः छायाचित्रे जागच्या जागी असतात. हरवलेले असते ते केवळ अक्षर. हे अक्षर का हरवते आणि ते कसे राखावे, याचा आज विचार करू.

संगणकातील साठवणीचे जे भाग आपण 'सी', 'डी', 'ई' अशा अक्षरांनी ओळखतो, त्यांना ड्राइव्ह म्हणतात. आपण त्यांना कप्पे म्हणू. ही चाल जुनी आहे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ च्या सुमारास रचलेल्या सीपी-एम या कार्यप्रणालीत तबकड्यांना 'ए', 'बी' अशी अक्षरे होती. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाने तीच रीत उचलली. पहिली दोन अक्षरे लवचिक तबकड्यांकडे गेली आणि १९८३ च्या एक्सटी या संगणकात पक्की तबकडी आली, तेव्हा तिच्या वाट्याला 'सी' आले. लवचिक तबकड्या आज वापरातून गेल्या. 'सी' मात्र आपल्या जागी कायम आहे.

आता मुख्य प्रश्न असा की, हे अक्षर राहते कोठे? ते त्या कप्प्यावरच कोरलेले असावे अशी आपली सहज समजूत असते. पण ती खरी नव्हे. शाळेतील हजेरीपटाचा दाखला घ्या. मुलाचा अनुक्रमांक हा मुलाचा नसतो, तो पटाचा असतो. जूनमध्ये नवा पट घातला की अनुक्रमांक नव्याने पडतात; गेल्या वर्षीचा सतरावा यंदा तेविसावा होतो. मुलगा तोच, नावही तेच; बदलला तो क्रमांक. विंडोजजवळही असाच एक पट असतो. रजिस्ट्री नावाच्या तिच्या मोठ्या नोंदवहीत 'माउंटेड डिव्हायसेस' असे एक पान आहे. अमुक खुणेचा कप्पा म्हणजे 'पी', तमुक खुणेचा म्हणजे 'एच', अशा नोंदी त्यात असतात. जुन्या पद्धतीच्या तबकडीत ही खूण म्हणजे तबकडीची सही आणि तो विभाग जेथून सुरू होतो ते ठिकाण. हल्लीच्या जीपीटी पद्धतीत प्रत्येक विभागाला स्वतःचा वेगळा ओळखक्रमांक असतो.

यावरून उलगडा होतो. जुन्या विंडोजवरच नवी आवृत्ती चढविली, तर पट तोच राहतो आणि अक्षरेही सहसा टिकतात. परंतु पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून कोरी विंडोज बसविली, म्हणजे कोरा पट येतो. नवी विंडोज स्वतःच्या कप्प्याला 'सी' म्हणते आणि उरलेल्यांना जसे सापडतील तशी मोकळी अक्षरे वाटून देते. कित्येकदा पेन ड्राइव्हच मध्ये एखादे अक्षर अडवून बसतो.

अक्षर बदलल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की, पुष्कळ कार्यक्रम फाइलीचा पत्ता अक्षरासकट लिहून ठेवतात. हिशेबाचा कार्यक्रम 'एच' मध्ये जमाखर्च शोधतो आणि तो मिळाला नाही म्हणून अडून बसतो. रोज रात्री प्रत काढण्याची योजना चुकीच्या कप्प्याकडे जाते किंवा मुकाट्याने बंद पडते. पण याहून मोठा धोका बसविण्याच्या वेळीच असतो. त्या पडद्यावर कप्पे आपल्या ओळखीच्या अक्षरांनी दिसत नाहीत. डिस्क ०, पार्टिशन ३ अशा क्रमांकांनी दिसतात. 'डी' तर दुसराच असणार, अशा अंदाजाने कोणी विभाग पुसला, तर वीस वर्षांची छायाचित्रे क्षणात जातात. गेलेले अक्षर परत देता येते. पुसलेला कप्पा परत मिळेलच असे नाही.

म्हणून कामाचा क्रम नीट ठरवावा. प्रथम महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत एखाद्या बाहेरच्या तबकडीवर काढून, ती उघडून पाहून, तबकडी संगणकापासून अलग ठेवावी. कप्प्यांना बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून घ्यावी. जो कप्पा आजवर आपोआप उघडत होता, तो नव्या विंडोजपुढे तसा उघडणार नाही.

त्यानंतर प्रत्येक कप्प्याला नाव द्यावे. कप्प्यावर उजवी टिचकी मारून 'रीनेम' निवडले की झाले. हे नाव मात्र विंडोजच्या पटावर नसते, ते कप्प्यातच लिहिलेले असते. म्हणून कार्यप्रणाली बदलली तरी ते जात नाही. एनटीएफएस पद्धतीच्या कप्प्याला 'छायाचित्रे' किंवा 'वाचनालय सूची' असे देवनागरी नावही देता येते. मग अक्षर, नाव, एकूण आकारमान आणि डिस्कचा क्रमांक अशा चार रकान्यांचा तक्ता वहीत लिहून काढावा. बसविताना विभाग निवडावयाचा तो आकारमान या तक्त्याशी ताडून. ज्या तबकड्या काढून ठेवता येतील, त्या तेवढ्या वेळापुरत्या काढलेल्याच बऱ्या.

नवी विंडोज सुरू झाली की दुसरा कोणताही कार्यक्रम बसविण्यापूर्वी अक्षरे लावून घ्यावीत. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. हव्या त्या कप्प्यावर पुन्हा उजवी टिचकी मारून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडावे आणि आपले अक्षर द्यावे. दोन कप्प्यांची अक्षरे अदलाबदल करावयाची असतील, तर एकाला आधी तिसरेच अक्षर देऊन वाट मोकळी करावी लागते. ज्या कप्प्यात स्वतः विंडोज आहे, त्याचे अक्षर येथे बदलता येत नाही आणि बदलण्याच्या खटाटोपातही पडू नये.

जुन्या नोंदवहीचे ते पान जपून नव्या विंडोजमध्ये उतरविण्याची युक्तीही जाणकार वापरतात. परंतु जुन्या 'सी' ची नोंद नव्या घरात लागू पडेलच असे नाही. चार-पाच कप्प्यांसाठी ते साहस कशाला? हाताने अक्षरे देण्यास पाच मिनिटे पुरतात.

अक्षरे निवडतानाही थोडी दूरदृष्टी असावी. 'डी', 'ई', 'एफ' ही आरंभीची अक्षरे येत्याजात्या पेन ड्राइव्हसाठी सोडावीत आणि आपल्या कायमच्या कप्प्यांना पुढची द्यावीत. छायाचित्रांना 'पी', हिशेबाला 'एच', वाचनालयाच्या सूचीला 'एल', असे अक्षर अर्थाशी जोडलेले असले, म्हणजे घरातील सर्वांच्या ध्यानात राहते.

तात्पर्य, अक्षर ही विंडोजने केलेली सोय आहे आणि नाव ही कप्प्याची स्वतःची ओळख आहे. सोय नव्याने करून घेता येते. ओळख मात्र आधीच पक्की करून ठेवावी लागते. तेव्हा नवी कार्यप्रणाली बसविण्याचा बेत असेल, तर पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी वही आणि पेन्सिल जवळ घ्या.