रोलचा कॅमेरा घेताय? आधी माउंट बघा

हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले की जळोची-बारामतीकडची कॅमेरेवाली मंडळी भिगवणचा रस्ता धरतात. त्यातल्या काही तरुणांना हल्ली रोलच्या कॅमेऱ्याची हौस आहे. आधी रोलवर हात बसवायचा, पैसे साठले की डिजिटल घ्यायचा, लेन्स मात्र त्याच ठेवायच्या. बेत झकास आहे, पण त्यासाठी मिळणारे सल्ले निम्मेच खरे असतात.

‘कंपनी एकच आहे ना, मग लेन्स बसणारच.’ नाही बसत. कॅननने १९८७ साली ईओएस कॅमेरे आणले तेव्हा जुना एफडी माउंट सरळ सोडून दिला. एफडीत माउंटच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ४२ मिलिमीटर, नव्या ईएफमध्ये ४४. म्हणजे एफडी लेन्स ईओएस बॉडीवर कशीबशी चढवली, तरी ती निदान दोन मिलिमीटर पुढेच राहणार. मग हातभर अंतरावरचं फूल टिपता येईल. पाण्यापलीकडचा थवा काही केल्या स्पष्ट होणार नाही. अंतर भरून काढणारे काचेचे अडॅप्टर मिळतात, पण त्यात चित्राची धार जाते. तेव्हा एफडी माउंटचा एई-१ स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. रोलचाच ईओएस घेतला, तर त्याच्या ईएफ लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर ऑटोफोकससकट चालतात.

‘निकॉनचं सगळं सगळ्याला चालतं.’ निकॉनने १९५९चा एफ माउंट जपला, हे खरं. पण लेन्स बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. १९७७ साली एआय पद्धत आली. त्याआधीची, न बदललेली लेन्स डी७२००सारख्या बॉडीवर दामटून बसवली तर माउंटजवळची छोटी कळ मोडू शकते. ओळखायची खूण सोपी आहे: अॅपर्चर रिंगवर आकड्यांची एकच ओळ असेल तर थांबा, माउंटच्या बाजूला बारीक आकड्यांची दुसरी ओळ असेल तर ती एआय.

एआय लेन्सलाही अटी आहेतच. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीवर ती बसते, पण मीटर चालत नाही. डी७०००, डी७१००, डी७२०० वर चालतो. पुढच्या एएफ-डी लेन्सना फोकसची मोटर बॉडीत लागते, ती डी३०००-डी५०००मध्ये नाही. उलटीकडूनही अडचण आहे. अॅपर्चर रिंग नसलेली नवी जी लेन्स रोलच्या एफएम१०ला लावली, तर ती कायम सर्वांत लहान अॅपर्चरवरच बंद होते.

गंमत बघा, माउंट मोडणाऱ्या कॅननकडे १९८७ नंतरची वाट सरळ आहे आणि माउंट जपणाऱ्या निकॉनकडे पावलोपावली अटी. मॅन्युअल एफएम१० हातात धरायला सुरेख, पण पुढे डिजिटलचं नक्की असेल तर मी रोलचाच एफ८० घेईन. तो एएफ-डी आणि जी, दोन्ही लेन्स घेतो. पेंटॅक्सचा के माउंट १९७५पासून आजवर चालू आहे. फक्त आपल्याकडे त्याचं सामान शोधावं लागतं.

‘डिजिटलवर ३००ची लेन्स ४५० होते.’ लेन्स ३००चीच राहते. रोलची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. स्वस्त डीएसएलआरचा सेन्सर साधारण २४ बाय १६. तो चित्राचा मधला भाग तेवढा घेतो, म्हणून दृश्य ४५०सारखं दिसतं. भिगवणच्या होडीत हा फायदाच. पण लग्नाच्या मांडवात २८ची लेन्स ४२सारखी वागू लागते आणि वऱ्हाडाची कड कापली जाते.

‘मिररलेसला काहीही लावा.’ हे बरंचसं खरं आहे. तिथे सेन्सर माउंटच्या अगदी जवळ असतो: निकॉन झेडमध्ये १६ मिलिमीटर, सोनी ईमध्ये १८, कॅनन आरएफमध्ये २०. राहिलेल्या जागेत बिनकाचेचा अडॅप्टर मावतो, त्यामुळे एफडीसुद्धा लांबचं फोकस करते. मात्र तिचा फोकस हातानेच करायचा. निकॉनचा स्वतःचा एफटीझेड अडॅप्टरही एएफ-डीची मोटर फिरवत नाही. बसलेल्या रोहितासाठी हे चालेल. उडत्या थव्यामागे हाताने रिंग फिरवताना बरेच फोटो वाया जातील.

सेकंडहँड लेन्स घेताना मागून मोबाइलची बॅटरी मारून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी, विकणारा तिला धूळ म्हणाला तरी.