पारंब्यांचा पूल

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, कुंडीत उभं असलेलं जाड, चकचकीत पानांचं रबर प्लांट बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पान तोडलं की पांढरा चीक येतो, नवं पान लालसर आवरण सोडून उलगडतं, इतपतच आपली त्याच्याशी ओळख. पण हे झाड वड-पिंपळ-उंबराचा सख्खा भाऊबंद आहे, आणि मेघालयातल्या त्याच्या माहेरी माणसं चक्क त्याच्या पारंब्यांवरून नदी ओलांडतात!

चेरापुंजीला ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. असल्या पावसात बांबूचा पूल किती टिकणार? तो कुजतोच. तिथल्या खासी आणि जैंतिया लोकांनी मग जिवंत पूल वाढवायला घेतले. ओढ्याकाठी झाड लावायचं, त्याच्या कोवळ्या, लवचीक पारंब्या बांबूच्या सांगाड्यावरून किंवा पोखरलेल्या सुपारीच्या खोडातून पैलतीरी न्यायच्या. तिथल्या मातीत त्या रुजल्या की जाड होऊ लागतात. खरी गंमत गाठींमध्ये आहे. दोन पारंब्या एकमेकींवर घट्ट आवळल्या, की काही काळाने त्या जागी एकजीव होतात, कलम बांधल्यासारख्या. पारंबीला इजा झाली तर तिथून नवी मुळं फुटतात. म्हणजे दुरुस्तीचं बरंचसं काम झाडच करतं.

निर्धास्त पाय टाकण्याजोगा पूल व्हायला पंधरा ते तीस वर्षं लागतात. लावणारा आजोबा, वापरणारा नातू. पुढे मात्र तो शेकडो वर्षं चालू शकतो आणि वयाबरोबर मजबूत होतो. पहिल्याच पावसाळ्यात खचणारे पूल पाहिलेल्या आपल्याला हे जरा झोंबतंच. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी असे ७४ पूल अभ्यासून २०१९मध्ये शोधनिबंध लिहिला. नोंग्रियाट गावातला पूल तर दुमजली आहे.

ब्रिटिशांना या झाडात रस होता तो चिकासाठी, म्हणजे त्यापासून मिळणाऱ्या रबरासाठी. आसामात चारद्वारला त्यांनी त्याची लागवडही केली. पुढे ब्राझीलच्या रबराने बाजी मारली आणि हे झाड शोभेपुरतं उरलं.

कुंडीतलं झाड फार वाढलं म्हणून ते सोसायटीच्या भिंतीलगत लावायचा मोह मात्र आवरा. पूल घडवणारी हीच मुळं फरशी उचलतात आणि भिंतीला तडे पाडतात.