भीतीशी खेळ

आषाढातील रात्र आहे. बाहेर पावसाची झड लागली आहे आणि वीज केव्हाच गेली आहे. मुरबाड तालुक्यातील डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एखाद्या वाडीत अशा वेळी आजी गोष्ट सांगू लागते. गोष्ट बहुधा भुताचीच असते. मुले एकमेकांना चिकटून बसतात, त्यांच्या अंगावर काटा उभा राहतो, एखादा तर डोळेच झाकून घेतो. परंतु आजी मध्येच थांबली, की सर्वांचा एकच गलका होतो, ‘‘आजी, पुढे काय झालं?’’ ज्या गोष्टीचे भय वाटते, तीच पुनःपुन्हा ऐकावीशी वाटावी, हे नवल नव्हे काय?

हल्ली हीच हौस मोबाइलच्या पडद्यावरही भागवली जाते. अंधाऱ्या वाड्यात एकट्याने शिरायचे, दाराआड लपलेल्या राक्षसाला चुकवायचे आणि किल्ली शोधून बाहेर पडायचे, असे हे भयखेळ असतात. हे खेळ खेळल्याने मनातील चिंता कमी होते, असे काही खेळाडू सांगतात. अशा खेळांनी मुलांची मने बिघडतात, असे अनेक वडीलधाऱ्यांना वाटते. या दोहोंत खरे कोणाचे? याचा आपण शांतपणे विचार करू या.

प्रथम भीती आणि चिंता यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. भातखाचराच्या बांधावरून जाताना पुढ्यात घोणस दिसली, तर आपण थबकतो. छाती धडधडू लागते, श्वास जलद होतो, हातपाय पळण्यास सज्ज होतात. मूत्रपिंडांवर असलेल्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते आणि ते शरीराला ही सिद्धता आणून देते. ही झाली भीती. ती आपली शत्रू नसून राखणदार आहे. तिच्यामुळेच रात्री बाहेर पडताना आपण हाती बॅटरी घेतो. याउलट संकट समोर नसताना, ते येईल या कल्पनेनेच मन पोखरले जाते, तेव्हा तिला चिंता म्हणतात. उद्या फळ्यापाशी उभे केले तर काय होईल? माळशेज घाटात धुके दाटले आहे, बाबा अजून कसे परतले नाहीत? असे प्रश्न मनात घोळत राहतात आणि झोप येत नाही. थोडी चिंता प्रत्येकालाच असते. परंतु ती सुटेनाशी झाली, म्हणजे खाणे, खेळणे, अभ्यास या सर्वांवर तिची सावली पडते.

चिंतेचा एक विचित्र स्वभाव आहे. तिच्यापासून जितके पळावे, तितकी ती वाढते. ज्या मुलाला वर्गात बोलण्याचे भय वाटते, तो पोटदुखीचे निमित्त करून घरी राहिला, तर त्या दिवशी त्याला हायसे वाटते. पण दुसऱ्या दिवशी शाळेची पायरी त्याला अधिकच उंच वाटू लागते. यावर उपाय कोणता? इ. स. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाला सशाचे अतिशय भय वाटत असे. पीटर आपला आवडता खाऊ खात असताना ससा खोलीत आणला जाई. आरंभी तो दूर ठेवला जाई. मग पीटरला सोसेल त्या बेताने हळूहळू जवळ. अखेरीस पीटर त्या सशाला प्रेमाने कुरवाळू लागला. भयाला पायरीपायरीने सामोरे जावे, हे तत्त्व आजही मानसोपचारात वापरले जाते.

आपल्या लोकजीवनातही भयाला सामोरे जाण्याची एक जुनी रीत आढळते. इ. स. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या जव्हार व मोखाडा या तालुक्यांत आदिवासी बांधव ‘बोहाडा’ नावाचा उत्सव करतात. रात्रीच्या वेळी, वाद्यांच्या गजरात, देवांची आणि राक्षसांची मोठमोठी मुखवट्यांची सोंगे नाचत येतात. विक्राळ दातांचा राक्षस पाहून लहानगे आईच्या कुशीत तोंड लपवतात. परंतु आई जवळ असते, सारा गाव भोवती असतो, आणि मुखवट्याच्या आत आपल्यातीलच कोणी काका आहे, हे पुढेमागे मुलांना कळते. भय खरे, पण धोका मुळीच नाही. आजीची भुताची गोष्ट, बोहाड्यातील राक्षस आणि पडद्यावरील भयखेळ हे या दृष्टीने एकाच जातीचे होत.

मग या खेळण्यातील भयाने खरी चिंता कमी होते काय? नेदरलँड्स देशातील संशोधकांनी ‘माइंडलाइट’ नावाच्या खेळाच्या साहाय्याने हा प्रश्न तपासला. या खेळात एक मुलगा आजीच्या अंधाऱ्या, भयाण वाड्यात शिरतो. त्याच्या डोक्यावर दिवा असलेली जादूची टोपी असते. गंमत अशी, की खेळणाऱ्या मुलाच्या मस्तकावर मेंदूतील सूक्ष्म विद्युत्तरंग टिपणारे एक यंत्र बसवलेले असते. मूल मन शांत ठेवू शकले, तर टोपीतील दिवा उजळतो. मूल घाबरले, तर तो मंदावतो. म्हणजे अंधारावर मात करण्यासाठी धावपळ उपयोगी पडत नाही. भीती वाटत असतानाच मन स्थिर करावे लागते.

या प्रयोगाचा निष्कर्ष इ. स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. माइंडलाइट खेळलेल्या मुलांची चिंता कमी झाली होती. हे ऐकून कोणीही म्हणेल, ‘‘तर मग सिद्धच झाले!’’ परंतु संशोधक सावध होते. त्यांनी मुलांच्या दुसऱ्या एका गटाला भीतीचा मागमूसही नसलेला साधा खेळ खेळावयास दिला होता. आणि त्या मुलांची चिंताही जवळजवळ तितकीच कमी झाली होती! तेव्हा गुण कशाचा? भयाचा, खेळाचा, की आपल्याकडे कोणीतरी आस्थेने लक्ष देत आहे या जाणिवेचा? त्या एका प्रयोगावरून हे सांगता येत नाही. पुढे इ. स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात माइंडलाइटची तुलना मानसोपचारावर आधारलेल्या वर्गाशी केली गेली, आणि दोहोंचा उपयोग सारखाच दिसून आला. म्हणून एवढेच म्हणणे रास्त होईल, की विचारपूर्वक रचलेला खेळ चिंताग्रस्त मुलांना साहाय्य करू शकतो. मात्र ते साहाय्य भयामुळेच होते, असे सिद्ध झालेले नाही.

डेन्मार्कमधील संशोधकांनी एका ‘भुताच्या घरा’त मौजेखातर शिरणाऱ्या ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले, की भय फार थोडे असले तर कंटाळा येतो, अतिशय झाले तर मौज नाहीशी होते. खरी गोडी मधल्या मापात असते. भाजीतील मिठासारखेच हे आहे. ते माप मात्र प्रत्येकाचे निराळे असते. थोरल्या भावाला जे हसू आणते, ते धाकट्या बहिणीची झोप उडवू शकते. बाजारात मिळणारे अनेक भयखेळ तर प्रौढांसाठीच केलेले असतात, आणि तशी सूचना त्यांवर दिलेली असते. ती मोडण्यात शौर्य नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. उद्याच्या परीक्षेची धास्ती विसरण्यासाठी जो रात्री उशिरापर्यंत खेळत बसतो, तो भीतीला सामोरा जात नसून तिच्यापासून पळतच असतो. पडद्यावरील शंभर राक्षस मारले, तरी फळ्यापर्यंतची चार पावले त्याची त्यालाच चालावी लागतात. ती एकदम चालवली नाहीत, तर आज आईसमोर, उद्या मित्रासमोर, परवा वर्गासमोर, अशी एकेक करून चालावी. पीटरचा ससाही असाच जवळ आला होता.

आणि चिंता इतकी वाढली, की झोप व भूकही नाहीशी झाली, तर ती मनात दडवून ठेवू नये. पाय मुरगळला तर आपण लाजतो काय? मनाचेही तसेच आहे. आईवडिलांना अथवा गुरुजींना सांगावे. मनाच्या दुखण्यासाठी शासनाने इ. स. २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे विनामूल्य सल्ला मिळतो.

आजीची गोष्ट संपली, की ती मुलांच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, ‘‘झोपा आता, मी आहे ना!’’ भीतीच्या खेळात मुलाला जो धीर मिळतो, त्यातील मोठा वाटा त्या हाताचा असतो.

स्वाध्याय

१. भीती आणि चिंता यांतील भेद उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. संशोधकांनी मुलांच्या दुसऱ्या गटाला साधा खेळ का दिला असावा?
३. ‘चिंतेपासून जितके पळावे, तितकी ती वाढते.’ स्वतःच्या अनुभवावरून चार-पाच वाक्ये लिहा.
४. आपल्या गावी सांगितली जाणारी एखादी भीतीची गोष्ट वडीलधाऱ्यांकडून ऐकून वर्गात सांगा.