शाळेचा निधी आणि पालकांची मूठ

जून महिना उजाडला की शाळांचे दरवाजे उघडतात, आणि त्यांच्याबरोबर पावतीपुस्तकेही उघडतात. छप्पर गळते, मुलींसाठी स्वतंत्र शौचकूप नाही, ग्रंथालयाची कपाटे रिकामी आहेत, अशा एक ना दोन गरजा पुढे करून पालकांकडे वर्गणी मागितली जाते. दहा-पाच सुस्थित गृहस्थ ती देतात; बाकीचे मान खाली घालून परत जातात किंवा पुढच्या सभेस येतच नाहीत. मग चालकमंडळात एकच तक्रार ऐकू येते की, 'आमच्या पालकांस शाळेची आस्थाच नाही.' ही तक्रार आम्हांस मुळीच मान्य नाही. जो बाप स्वतः अक्षरशत्रू असून मुलाचे नाव शाळेत घालण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवितो, जी आई चार घरची धुणीभांडी करून मुलीच्या वह्यांची तजवीज करते, त्यांस शाळेची आस्था नाही असे म्हणणे धाडसाचे होय. आस्था आहे, तिला शाळेच्या आत येण्यास वाट नाही, हे खरे दुखणे आहे.

ही वाट कशी बांधावी हे आम्हांस परदेशातून शिकून यावयास नको. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. हाती पैसा नव्हता. वसतिगृहातील मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, किंबहुना मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु एका साध्वीच्या दागिन्यांवर संस्था किती दिवस चालणार? तेव्हा भाऊरावांनी मुष्टिफंडाचा मार्ग धरला. घरोघरी बायांनी आपल्या धान्यातून मूठभर धान्य बाजूस काढावयाचे, आणि ते गोळा करून मुलांच्या उपयोगी लावावयाचे. गोमंतकात पणजीस मुष्टिफंड याच नावाची शिक्षणसंस्था आजही नांदत आहे. तेव्हा ही कल्पना एका जिल्ह्यापुरती नव्हती हे उघड आहे.

या मुठीचे मर्म काय, याचा आमच्या शाळाचालकांनी शांतपणे विचार करावा. पाटलाची मूठ आणि मजुराची मूठ यांत फारसे अंतर नसते. त्यामुळे देताना कोणासही खाली पाहावे लागत नाही. दुसरे असे की, ही मूठ घरातील स्त्री आपल्या हाताने काढते. म्हणजे जिला सभेत कोणी बोलावले नसते ती चुलीपाशी बसूनच शाळेची भागीदार होते. आणि तिसरे, जिने दाणे दिले ती ते दाणे कोणाच्या ताटात पडले हे विचारल्यावाचून राहत नाही. व्यापारी मंडळींस हे समजावून सांगणे नको. ज्याचे भांडवल, त्याची नजर.

यावर कोणी म्हणेल की, शंभर मुठी गोळा करण्यापेक्षा एक धनिक गाठावा हे सोपे. धनिकाच्या औदार्यास आम्ही नावे ठेवीत नाही. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊ केली, हे त्या विद्यापीठाचे भाग्यच होय. परंतु १८९६ साली निघालेल्या अनाथ बालिकाश्रमापासून तोपर्यंत चोवीस वर्षे कर्व्यांच्या कार्याचा गाडा लहानलहान वर्गण्यांनीच ओढला होता, आणि त्या वर्गण्यांमुळेच ते कार्य लोकांचे झाले होते. मोठी देणगी मिळाल्यावरही ही रीत त्यांनी सोडली नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापिले आणि पुन्हा वर्गणीची झोळी खांद्यास लावली. देणगीने इमारत उभी राहते. शाळा उभी राहण्यास गाव लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मुलांचे शिक्षण हे सरकारचे कर्तव्य असता पालकांच्या खिशास हात का? आक्षेप रास्त आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि प्रवेशासाठी देणगी उकळणाऱ्यास त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड सांगितला आहे. पालकांचा निधी म्हणजे सरकारच्या कर्तव्याची फारकत नव्हे. उलट जे पालक एकत्र येऊन एक कपाट घेतात, तेच एकत्र येऊन अडलेल्या अनुदानाचा जाब विचारू शकतात. त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमावयास सांगितली आहे. तीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे बंधन आहे. सरकारकडून वा अन्य कोठूनही आलेल्या पैशाचा विनियोग कसा होतो हे पाहणे, हे त्या समितीचे कामच आहे. अधिकार कागदावर आला आहे. तो वापरणारे हात पुढे येणे बाकी आहे.

ते हात पुढे यावेत म्हणून आमच्या सूचना थोडक्या आहेत. पहिली, पैसा मागण्यापूर्वी मत मागावे. यंदा छप्पर आधी की ग्रंथालय आधी, हे पालकांच्या सभेत ठरावे. ठरविलेल्या कामास माणूस आपण होऊन देतो. दुसरी, सभेची वेळ मजुरी करणाऱ्यास व दुकान चालविणाऱ्यास सोयीची असावी. सकाळी अकरा वाजता सभा बोलावून गैरहजेरीबद्दल पालकांस दोष देणे हा न्याय नव्हे. तिसरी, श्रमासही वर्गणी मानावे. सुताराने बाक दुरुस्त केले, गवंड्याने भिंत लिंपली, शिवणकाम जाणणाऱ्या बाईने स्नेहसंमेलनाचे पोशाख शिवून दिले, तर त्यांची नावे देणगीदारांच्याच यादीत यावीत. चौथी, जमाखर्च दर महिन्यास शाळेच्या दर्शनी फलकावर, कोणासही वाचता येईल अशा मराठीत लिहावा. जेथे हिशेब झाकलेला असतो तेथे पुढच्या वर्षी थैली रिकामी राहते, हे बाजारपेठेत बसणारा प्रत्येक जण जाणतो.

पाचवी गोष्ट सूचना नव्हे, निषेध आहे. वर्गणी न आणणाऱ्या मुलास वर्गात उभे करणे, त्याचे नाव फळ्यावर लिहिणे, गुणपत्रक अडवून ठेवणे, असे प्रकार काही ठिकाणी घडतात. ज्या निधीसाठी एका तरी बालकास आपल्या बापाच्या दारिद्र्याची लाज वाटावयास लावली, त्या निधीतून बांधलेली भिंत संगमरवराची असली तरी ती विद्येची भिंत नव्हे. वर्गणीचा निरोप मुलाच्या तोंडी कधीही देऊ नये. तो मोठ्यांनी मोठ्यांस द्यावा, आणि 'आज जमत नाही' हे उत्तर आदराने ऐकून घ्यावे.

आमच्या व्यापारी वाचकांस एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले याच शाळांत शिकतात. आपण देणगी द्याच. परंतु तिच्याहून मोलाची वस्तू आपल्यापाशी आहे, ती म्हणजे हिशेबाची शिस्त. महिन्यातील एक संध्याकाळ काढून शाळेच्या निधीची कीर्द-खतावणी आपण नीट लावून दिलीत आणि शेजारच्या हमालास व भाजीवालीस ती वाचून दाखविलीत, तर पुढच्या सभेत त्यांच्या जागा रिकाम्या दिसणार नाहीत. शाळा आपली आहे असे एकदा त्यांस वाटले की मूठ आपोआप उघडेल.