खोताच्या वाडीतला बाहेरचा जिना

गिरगावातील खोताच्या वाडीतली लाकडी घरे आपण सहज 'पोर्तुगीज पद्धतीची' म्हणतो. इतिहासाचा हिशेब मात्र या विशेषणाशी जुळत नाही. मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात आले १६६५ मध्ये. वाडी वसली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. पाठारे प्रभू ज्ञातीच्या दादोबा वामन खोत यांच्यावरून तिचे नाव पडले आणि त्यांच्याच जमिनीचे तुकडे घेऊन ख्रिस्ती कुटुंबे येथे राहू लागली, असे सांगितले जाते. पोर्तुगीज सत्ता जाऊन तोवर शतक उलटले होते.

ही कुटुंबे वसई, साष्टी, मुंबई या पट्ट्यातली, मराठी बोलणारी कॅथलिक. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या धर्मबांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. नाव इंग्रजी, धर्म पोर्तुगीजांच्या काळातला, बोली मराठी. त्यांचे घरही असेच तीन पदरी आहे.

पुढची मोकळी ओटी आणि मागची परसदाराची जागा कोकणातल्या कोणत्याही घराची. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणे ओटीवर, घरातली कामे मागे. वरच्या मजल्याची नक्षीदार कठड्याची लाकडी गॅलरी आणि भिंतीवरचा क्रूस हा दुसरा पदर. तिसरा पदर छपरावर दिसतो. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये. त्यामुळे ज्या घरावर मंगळुरी कौले आहेत, त्याचे आजचे छप्पर तरी त्याआधीचे असू शकत नाही. वाडीचे वय आणि छपराचे वय एक नव्हे. अशी घरे एकदा बांधून संपत नाहीत; प्रत्येक पिढी त्यांत भर घालत राहते.

या घरांची खरी खूण म्हणजे बाहेरून वर जाणारा जिना. त्यामागचा व्यवहार साधा आहे. जागा बेताची; जिना आत घेतला तर एक खोलीच खर्ची पडते. शिवाय वर जाण्याची वाट वेगळी असली, की लग्न झालेल्या मुलाचा संसार वर थाटता येतो किंवा भाडेकरू ठेवता येतो, आणि खालच्यांच्या माजघरातून कोणाला ये-जा करावी लागत नाही. एका छपराखाली दोन चुली, तरीही ओटी सगळ्यांची.

हीच सोय आज अडचणीची झाली आहे. वारसांची संख्या वाढली, १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी गोठली, लाकूडकामाच्या दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. त्यातच गिरगावात जमिनीचे मोल असे चढले, की दुमजली घरापेक्षा त्याखालचा तुकडाच महाग ठरू लागला. पासष्टच्या आसपास घरांपैकी आज निम्मीही उरलेली नाहीत.

१९९५ च्या नियमावलीने मुंबईतल्या वारसावास्तूंना कायद्याचा आधार दिला. पण नियम गॅलरीचा कठडा वाचवू शकतो. ओटीवर बसणारी माणसे नाही. घर जपायचे तर त्यात राहणाऱ्याला ते परवडले पाहिजे. दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज, करात सवलत, जुने लाकूडकाम जाणणारे सुतार हे प्रश्न रुक्ष वाटतील, पण खोताच्या वाडीचे भवितव्य त्यांच्यावरच अवलंबून आहे. टोलेजंग इमारतीत जिना असतोच. मात्र उतरताना शेजाऱ्याच्या ओटीवर दोन शब्द बोलायला थांबावे, अशी त्याची वाट नसते.