एकांताची वाट आणि मुकी सोबत

महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराला अखेरपर्यंत सोबत लाभली ती एका कुत्र्याची. उतारवयात माणसांच्या गजबजाटापासून दूर, न बोलणाऱ्या सोबत्याबरोबर चालावेसे वाटणे ही काही आजची गोष्ट नव्हे. खालापूर-कर्जत भागातील अनेक ज्येष्ठ ही इच्छा माझ्याजवळ बोलून दाखवतात. घरच्यांची काळजी मात्र निराळी असते : ‘बाबा हल्ली ओळखीचे कोणी दिसले, की कुत्र्याला घेऊन दुसऱ्या वाटेला लागतात. हा काही आजार तर नाही ना?’

बहुधा नाही. वयपरत्वे ऐकू कमी येऊ लागले, की रहदारीच्या आवाजात संभाषण करणे थकवणारे ठरते. जोडीदार गेलेल्या व्यक्तीला रोजचे सांत्वनही जड होते. ‘गुडघा कसा आहे?’, ‘मुलगा कधी येणार?’ या प्रश्नांना उत्तरे देण्यापेक्षा अर्धा तास मौन बरे वाटते. चालून घरी आल्यावर बाबा वर्तमानपत्र वाचत असतील, नातवंडांशी बोलत असतील, चवीने जेवत असतील, तर त्यांच्या एकांताचा मान राखावा.

मात्र काही लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. घरातही बोलणे बंद होणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, भूक मंदावणे अशी स्थिती दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर नैराश्याचा विचार करावा लागतो. ओळखीच्या वाटेवर चुकणे किंवा कुत्र्याला खाऊ घातल्याचे वारंवार विसरणे हे स्मृतिभ्रंशाचे चिन्ह असू शकते. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. श्रवणाची तपासणीही करून घ्यावी. कित्येकदा खरी अडचण तेथेच असते.

आता वाटेविषयी. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडील वाहनांनी आपले रस्ते भरून जातात आणि पावसाळ्यात धबधब्यांकडे तर पाऊल ठेवायला जागा नसते. त्या दोन दिवशी उजाडताच गावातल्या आतल्या रस्त्याने फेरी उरकावी. लांबची वाट सोमवार ते शुक्रवारसाठी ठेवावी. भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते चालायला छान असतात. तथापि शेतमालकाला आधी विचारावे आणि कोंबड्या-शेळ्यांजवळ कुत्रा साखळीतच ठेवावा. पाताळगंगेत खोपोलीच्या १९१५ साली सुरू झालेल्या जलविद्युत केंद्राचे पाणी येते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. काठावरची सावली सुखद असली, तरी वीजनिर्मितीनुसार पाणी वाढू शकते. पात्रात उतरू नये.

निर्जन वाटेवर सर्वांत मोठा धोका पडण्याचा. अमेरिकेत कुत्रा फिरवताना हाड मोडलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींची वार्षिक संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक झाल्याचे आढळले. साखळी मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने हिसका दिला तर ती सुटली पाहिजे. दुसऱ्या हातात काठी असावी. पावसाळ्यात शेवाळलेले बांध टाळावेत.

कुत्रा जागोजागी हुंगत थांबतो, त्यामुळे आपला व्यायाम तुटक होतो. पहिली दहा मिनिटे त्याला द्यावीत, पुढची वीस मिनिटे सलग चालावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी.

गवत वाढले की फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग यांचा धोका वाढतो. घोट्यावर येणारे बूट घालावेत, काठी आपटत चालावे. दंश झालाच तर आवळून बांधू नये, चिरा देऊ नये; तो अवयव न हलवता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालय गाठावे. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस मिळते, याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करावी. भटका कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. रक्त आले असेल, तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. आपल्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यावी. पायावर जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालू नये. लेप्टोस्पायरोसिस त्यातूनच होतो.

शेवटी घरच्यांशी एक करार करावा. ज्येष्ठांनी निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार एवढे सांगावे. फोन चालू ठेवावा. नाव, घरचा क्रमांक व औषधे लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. घरच्यांनी ठरलेल्या वेळेपर्यंत फोन करू नये, मागोमाग कोणाला पाठवू नये. ठरलेल्या वेळेवर पंधरा मिनिटे उलटली, तर मात्र प्रथम फोन करावा. तो न लागल्यास सांगितलेल्या वाटेने लगेच शोधायला निघावे.